तिसऱ्या पेटीतले बाबा

माझे बाबा गेली अठ्ठेचाळीस वर्षं झोपलेले आहेत, आणि त्यांना उठवायची भाषा कुणी केली की माझं टाळकं सटकतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी पुढे कुणाकुणाला काय बोलले ते वाचून नाक मुरडायला नको.

सिनेमा तुम्ही पाहिला नसेल असं धरून चालते. आठ माणसं काचेच्या झाकणाच्या पेट्यांत झोपून एका यानातून निघतात. प्रवास शंभर वर्षांचा. यान पोचतं, आतले दिवे लागतात, आणि एकही झाकण उघडत नाही. संपला सिनेमा! का उघडत नाही, कोण जिवंत, कोण मेलेलं, काही म्हणजे काही सांगत नाहीत. लोक थिएटरातून बाहेर पडून रस्त्यात भांडायचे म्हणे. अजून भांडतात.

बाबा त्या स्टुडिओत सुतार होते. आठही पेट्या त्यांच्या हातच्या. तिसऱ्या पेटीत झोपणारा माणूस शूटिंगच्या दिवशी उगवलाच नाही, तेव्हा बाबा म्हणाले, मीच झोपतो, माप मला पाठ आहे. कॅमेरा पेट्यांवरून हळूहळू सरकत जातो आणि तिसरीवर थांबतो, अकरा सेकंद. पेट्यांत थंडी दाखवायला सुक्या बर्फाचा धूर सोडलेला आहे. बाकी सातजणांच्या नाकासमोर तो धूर जरा जरा हलतो. बाबांच्या नाकासमोर हलत नाही. हनुवटीपाशी साईसारखा जमून बसलाय. याच अकरा सेकंदांवरून जगभरच्या वेड्यांनी वह्या भरल्यात की तिसरा मेलाय की झोपलाय. मी आपली छाती फुगवून सांगायची, मेलाय बिलाय काही नाही, माझ्या बाबांनी श्वासच तसा रोखला होता.

त्यानंतर ते जास्त जगले नाहीत. आई सांगायची, त्या संध्याकाळी शूटिंगहून आले, हातपाय धुतले, मला उचलून घेतलं. मी अकरा महिन्यांची. माझ्या केसांत भुसा अडकला होता तो त्यांनी एकेक करून काढला, मग ‘जरा पडतो’ म्हणाले आणि झोपेतच गेले. ही गोष्ट मी आईकडून इतक्यांदा ऐकली की ती बोटं मला डोक्यावर जाणवायची. घरात त्यांचे फोटो दोन, दोन्हीत डोळे नीट दिसत नाहीत. म्हणजे मला बाबा माहीत आहेत ते असे, डोळे मिटलेले.

मी पण सुतारच झाले. खुर्च्या, पलंग, कपाटांची दारं, जे मोडेल ते जोडून देते. त्यांचा रंधा अजून वापरते. गिऱ्हाइकांना माझा स्वभाव ठाऊक आहे, काम चोख मिळतं म्हणून ऐकून घेतात.

आमचं एक मंडळ आहे, त्या सिनेमाच्या चाहत्यांचं. वीस-बावीस जण. लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये दर वर्षी, सिनेमा आला त्या तारखेला, दुपारी सगळे मिळून तो बघतो. रिवाज असा, की कॅमेरा तिसऱ्या पेटीपाशी थांबला की सगळ्यांनी श्वास रोखायचा. अकरा सेकंद. बावीस माणसं एकदम गप्प झाली की हॉल कसा होतो, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. आईला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची. सगळे श्वास रोखायचे आणि आई एकटी मोठ्याने श्वास घ्यायची. चांगला घुसघुस आवाज करत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा म्हटलंसुद्धा, ‘आई, अकरा सेकंद तरी!’ तर म्हणाली, ‘मला नाही जमत बाई.’

आता पुढच्या भागांचं. पहिल्याला हात लावायला नको होता, हे माझं मत, आणि ते मी ज्याला ऐकायचं नाही त्यालाही ऐकवलेलं आहे. सोळा वर्षांनी दुसरा भाग आला. त्यात सांगून मोकळे, की तिसऱ्या पेटीतला माणूस निघाल्यापासूनच मेलेला होता. मग तिसरा भाग आला. त्यात म्हणे दुसरा भाग हे स्वप्न होतं, आणि तिसऱ्या पेटीतला माणूस झोपेचं सोंग घेऊन बाकीच्यांवर पाळत ठेवत होता. माझे बाबा आणि पाळत! मी मध्येच उठून बाहेर आले आणि तिकीट फाडणाऱ्याला चार शब्द सुनावले. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण समोर तोच होता.

मंडळात यावरून दोन तट. आम्हाला, फक्त पहिला मानणाऱ्यांना, पलीकडचे ‘पहिलटकर’ म्हणून चिडवतात. आमचे म्होरके गणिताचे सर. ते दुसऱ्या-तिसऱ्याचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘ती प्रकरणं’ म्हणतात. पलीकडच्यांत एक नर्सताई आहे. तिला सगळे भाग आवडत नाहीत, पण हवे असतात. मला म्हणाली होती, ‘अगं, वाईट का असेना, पण पुढे काय झालं ते कळलं की माणूस झोपू शकतो. न कळणं वाईट.’ मी तिला म्हटलं, तुमच्या वॉर्डातलं ज्ञान वॉर्डात ठेवा. दोन महिने बोलत नव्हती माझ्याशी.

तर या सगळ्यावर कडी म्हणून चौथा भाग. कंपनीचा फोन आला तेव्हा मी एका आरामखुर्चीचा पाय बसवत होते. नव्या भागात तिसऱ्याला उठवायचंय, म्हणाले. बाबांचाच चेहरा, संगणकावर. चेहरा वापरायला वारसांच्या सह्या लागतात, आईची आणि माझी. मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. फोन आपटला आणि बघते तर आई दारात.

‘उठवणार म्हणजे?’ तिने विचारलं.

‘उठवणार म्हणजे थोबाड हलवणार त्यांचं, कळसूत्री बाहुलीसारखं. मी जिवंत असेपर्यंत नाही.’

‘नमुना दाखवतील का?’

‘आई!’

‘बघून तर येऊ,’ आई म्हणाली. शहात्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जात नाही, ती उठून बाहेरच्या चपला शोधायला लागली. मला त्या क्षणी तिचा रागच आला. वाटलं, हिला खरे बाबा ठाऊक आहेत, तरी हिला खोटे चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कंपनीत गेलो. गालिचा अंथरलेला लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना बंद दारं, शेवटच्या दारामागे एक छोटं थिएटर, दहा-बारा खुर्च्या आणि भिंतीला टेकून एक लाकडी बाक. यंत्रांसाठी खोली इतकी गार ठेवलेली की काम करणारा माणूस गळ्यात मफलर गुंडाळून बसला होता. पन्नाशीचा, डोक्यावर केस नावाला. त्याने आईला हात धरून बसवलं.

‘तिसऱ्याच्या मिसेस,’ तो म्हणाला. ‘मी बारा वर्षांचा असताना पाहिला. या धंद्यात आलो तो त्या अकरा सेकंदांमुळे.’

‘आणि आता त्यांचंच वाटोळं करताय,’ मी म्हटलं.

तो रागावला नाही. ‘खरं सांगू का ताई, मलाही तो झोपलेलाच बरा वाटतो. पण कुणीतरी उठवणारच आहे, तर म्हटलं, आपण नीट उठवावा.’

अंधार झाला आणि नमुना लागला. तीच पेटी, तोच धूर. ते अकरा सेकंद मला तोंडपाठ, बारावा सेकंद मी कधी बघितलेलाच नव्हता. बाराव्या सेकंदाला धूर हलला.

नाकपुडीपासून बारीकसा बाजूला झाला आणि परत आला. मग पुन्हा. मग पापण्या थरथरल्या आणि बाबांनी डोळे उघडले. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. डोळे तपकिरी होते. पाणीदार, चांगले डोळे. ते वर काचेकडे बघत होते, आणि मग हळूच वळून आमच्याकडे, आम्ही बसलो होतो बरोबर तिकडे. ओठ जरासे सुटले. काच उघडली, ते कोपरावर रेलून उठून बसले, आणि तिथे चित्र गोठलं.

खरं सांगते, मला भीती वाटली. ओळखीच्या खोलीत अनोळखी माणूस बसलेला दिसावा तशी. तो श्वास घेत होता, पण घाईघाईचा, वरवरचा. चेहरा एकाचा आणि जीव दुसऱ्याचा.

‘हे माझे बाबा नाहीत,’ मी ओरडले. ‘कुणाचा श्वास चिकटवलाय हा?’

मफलरवाला चपापला. ‘ओळखलंत? चौथ्याचा आहे. शेजारच्या पेटीतल्या माणसाचा.’

‘आणि आमच्याचा काय झाला?’

‘तोच तर मिळाला नाही,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात कामाचा उत्साह होता, त्या बिचाऱ्याला काही कल्पना नव्हती. ‘थांबा, दाखवतोच.’

त्याने पडद्यावर आठ चौकोन मांडले. आठ चेहरे. ‘बघा, माणूस कितीही गप्प पडला तरी नाडी चालू असते. प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. डोळ्याला दिसत नाही, पण यंत्र तो बदल मोठा करून दाखवतं. त्याच्यावरून आम्ही श्वास बांधतो, पापण्या बांधतो.’ त्याने बटण दाबलं.

सात चेहरे लाल झाले. मग फिके. मग लाल. प्रत्येकाचा ताल वेगळा, सात दिवे उघडमीट करावेत तसे. त्यांच्यामध्ये तिसरा चौकोन राखाडी होता. राखाडीच राहिला. अकरा सेकंद संपले, त्याने पुन्हा लावलं, पुन्हा सात चेहरे जगले आणि एक नाही.

‘श्वास रोखता येतो,’ मफलरवाला म्हणाला, ‘नाडी कशी रोखणार? फिल्मवर तेवढ्या भागात काहीतरी दोष असणार. आम्ही खूप डोकं खाजवलं.’

‘दोषच असणार,’ मी म्हटलं. दोषच असायला हवा होता, म्हणून मी तो शोधायला लागले. ‘बाजूचं मोठं करा. पेटीची बाजू. डोक्याकडची.’

मी चेहऱ्यांतलं काय ओळखणार, पण लाकूड मला कळतं. पहिल्या पेटीच्या डोक्याकडच्या फळीवर बारीक भोकांची ओळ होती, हवेसाठी आणि धूर बाहेर जायला. दुसरीवर होती. चौथीवर होती. तिसरीवर नव्हती. अजून मोठं करायला सांगितलं. फळीवर रंगाखाली गोल गोल सावल्या दिसल्या, बारा, ओळीत. भोकं होती. ती लांबी भरून बुजवलेली होती. लांबी म्हणजे आमचा भेगा बुजवायचा लगदा, भरायचा, वाळला की घासायचा, वरून रंग. इतकं सफाईदार काम की हात फिरवला तरी कळलं नसतं. हा हात मला माहीत आहे. त्या हाताची कपाटं अजून आमच्या घरात आहेत.

आत सुक्या बर्फाचा जीव कोंडणारा धूर, वर काच, आणि भोकं बंद.

मी आईकडे वळले. ती पडद्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या पिशवीची कडी उघडत होती आणि लावत होती.

‘आई, बाबा त्या संध्याकाळी घरी आले होते ना?’

तिने कडी लावली. ‘नाही गं,’ ती म्हणाली.

मफलरवाला उठून उभा राहिला. त्याला बाहेर जावंसं वाटत होतं, पण आईने त्याला हाताने बस म्हणून खुणावलं, आणि दोघांना मिळून सांगावं तसं सांगितलं. दिग्दर्शकाला कॅमेऱ्यात भोकं दिसत होती. तिसरी पेटी सगळ्यांत जवळ, म्हणून बाबांनी सकाळी तिचीच बुजवली. फिनिशिंगच्या बाबतीत ते कुणाचं ऐकायचे नाहीत. माणूस आला नाही तेव्हा म्हणाले, अकरा सेकंदांचा तर प्रश्न आहे. पण शॉट सात वेळा घेतला. मध्ये झाकण कुणी काढलं नाही, आठ झाकणांचे स्क्रू दर वेळी कोण काढणार? सातव्या वेळी दिग्दर्शक खूश झाला. म्हणाला, या माणसाला बक्षीस द्या, हा हललाच नाही. झाकण काढून सगळे हसत होते, म्हणत होते, उठा मिस्त्री, झालं.

‘दिग्दर्शकाचा असिस्टंट आला होता घरी,’ आई म्हणाली. ‘रडत होता पोरासारखा. म्हणाला, वहिनी, तेवढा तुकडा कापून जाळून टाकतो. मी म्हटलं, नका कापू. माझ्याकडे त्यांचं चालतं-बोलतं काहीच नाही, एवढं तरी राहू दे. मग तो गेल्यावर लक्षात आलं, की यातही ते हलत नाहीयेत.’

‘आणि भुसा?’ मी म्हटलं. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि विचारते काय, तर भुसा.

‘भुसा काढला होता. खरंच काढला होता. पण सकाळी, जाताना. मी तो गोष्टीत संध्याकाळी नेला.’ आईने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ‘तू सगळ्यांना झापतेस ना, पुढचा भाग काढला म्हणून? मीही काढला होता. घरातल्या घरात, तुझ्यापुरता.’

मी रडले. राग होता, कुणावर ते कळत नव्हतं, आणि रडू होतं. इतकी वर्षं बावीस माणसांना गोळा करून मी आईला पहिल्या रांगेत बसवत होते आणि काय बघायला लावत होते! आणि तिने एकदाही नको म्हटलं नाही. मी विचारलं, का आलीस दर वर्षी? म्हणाली, ‘त्यांना एकट्याला कसं सोडायचं?’

मफलरवाल्याने पाणी आणलं. ‘मी हे सगळं बंद करतो,’ तो म्हणाला. ‘साहेबांना सांगतो, होत नाही म्हणून. सह्या नकोत, काही नको.’

कालपर्यंत हेच तर मला हवं होतं. पहिला जसा आहे तसा. पण पहिला म्हणजे काय ते आता मला कळलं होतं. त्यात माझे बाबा दर वेळी जात होते, सगळ्यांच्या देखत, आणि लोक वाहवा करत होते.

‘आई, तुला काय हवंय?’ मी विचारलं.

‘उठू दे ना त्यांना एकदा,’ आई म्हणाली. ‘खोटं का होईना. कुणीतरी झाकण काढू दे.’

आईने सही केली. मग मी केली. गणिताचे सर मला फितूर म्हणतील, मंडळातून काढतीलही. म्हणू देत. त्यांना खरं सांगायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. नर्सताईला मात्र सांगणार आहे.

‘पण तो श्वास काढा,’ मी मफलरवाल्याला म्हटलं. ‘परक्याचा आहे तो. माझा घ्या.’

त्याने वाद घातला नाही. बाकावर मला उताणं झोपवलं, गळ्यापाशी एक पट्टी चिकटवली, तोंडावर दिवा सोडला आणि नाकासमोर कॅमेरा आणला. धूर हवा होता, तो त्याने पाण्याच्या वाफेचा केला, दोनदा विचारून घेतलं, चालेल ना म्हणून. मी डोळे मिटले. गार खोली, वर दिवा, अंगाखाली फळीसारखा बाक. हनुवटीपाशी ओलसर काहीतरी जमत होतं. मी स्वतःला बजावत होते, घाई करायची नाही, खोल घ्यायचा, त्यांना पुरायला हवा.

‘झकास,’ मफलरवाल्याचा आवाज आला. ‘आता अकरा सेकंद, ताई. अजिबात हलू नका.’

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गुडघे धरत धरत आई आली असणार, कारण माझ्या नाकाखाली तिचं थंड बोट टेकलं.

‘आजी, तुमचा हात येतोय मध्ये,’ मफलरवाला म्हणाला.

आईने हात काढला नाही. ‘तो काय सांगतो ते ऐकू नकोस,’ ती माझ्या कानाशी म्हणाली. ‘हल तू. हल गं बाई, जरा हल.’